झूम केलं की चित्र आउट का होतं? नवख्या व्हिडिओवाल्यांसाठी

परभणी तालुक्यातल्या एका गावी हरिनाम सप्ताहाचं शूटिंग होतं. काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन, मंडपात पाय ठेवायला जागा नाही. कॅमेरा स्टँडवर, महाराजांपासून तीसेक फुटांवर. सोबतचा पोरगा नवा होता. आठ दिवस केबली गुंडाळल्यावर त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या हातात कॅमेरा दिला. लाँग शॉट झकास लागला. महाराज, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, सगळं स्वच्छ. मग अभंगाचं दुसरं चरण सुरू झालं आणि त्यानं हळूच झूम घेतलं. महाराजांचा चेहरा फ्रेमभर आला आणि साय धरल्यासारखा दिसायला लागला. मागच्या टाळकऱ्याच्या टाळांचा गोंडा मात्र धागे मोजावेत इतका शार्प.

“भाऊ, झूम करायलो की महाराज आउट व्हायलेत,” तो कानाशी पुटपुटला. “कॅमेरा गेला का काय?”

कॅमेरा ठणठणीत होता. फोकस पहिल्यापासून टाळकऱ्यावरच बसलेला होता, लाँग शॉटमध्ये ते कुणाला कळलं नाही. झूम केल्यावर कळलं. लग्नाच्या ऑर्डरी करणारी दहातली आठ पोरं हीच तक्रार घेऊन येतात आणि बहुतेक वेळा उत्तर हेच असतं. आधी यामागचं कारण समजून घ्या, मग पुढची कामाची पद्धत डोक्यात बसेल.

वाइडमध्ये चुका का लपतात

लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस करते. त्याच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही आपल्याला शार्प दिसतं. हा जो शार्प पट्टा असतो, तो झूमप्रमाणे लहानमोठा होतो. १ इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे लेन्समागची चित्र टिपणारी पट्टी), १२ पट झूमचा कॅमेरा घेऊ. वाइडला, म्हणजे झूम पूर्ण मागं असताना, त्याची लेन्स साधारण ९ मिमी, पूर्ण झूमला १११ मिमी. माणूस ५ मीटरवर उभा आहे आणि फोकस त्याच्यावर आहे. वाइडला आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ २.८ असेल (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) तर साधारण पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं शार्प दिसतं. त्याच जागेवरून पूर्ण झूम केलं आणि आयरिस एफ ४.५ झाली, तर पट्टा उरतो जेमतेम २० सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभर. त्यात महाराजांनी “विठ्ठल” म्हणत एक पाऊल पुढं टाकलं की ते पट्ट्याबाहेर.

कॅमेरा ५ ऐवजी १० मीटरवर नेला तर तोच पट्टा ८० सेंटिमीटरच्या आसपास जातो. अंतर दुप्पट, पट्टा चौपट. अर्थात फ्रेम तेवढी मोकळी होते. पण हलणाऱ्या माणसाचा अगदी तोंडभरून क्लोज घेण्यापेक्षा छातीपर्यंतचा मोकळा शॉट केव्हाही बरा. मी कीर्तनात हेच करतो. हातवाऱ्यांसकट महाराज दिसतात आणि फोकसही टिकतो.

पहिलं काम डोळ्याचं

कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी व्ह्यूफाइंडरची डोळ्याची सेटिंग करा. आयपीसच्या बाजूला एक छोटी चकती किंवा दांडी असते. समोरच्या दृश्याकडे बघू नका, स्क्रीनवरची बॅटरी आणि वेळेची अक्षरं बघा. ती कोरल्यासारखी दिसेपर्यंत चकती फिरवा. चष्मा लावून शूट करणार असाल तर चष्मा लावूनच हे करा. ही चकती बॅगेत घासून सरकते. कॅमेरा दोघांत मिळून वापरत असाल तर प्रत्येकाने आपापली लावायची. मी एकदा गंगाखेडच्या एका हळदीत अर्धा तास चांगला फोकस बिघडवत बसलो होतो, कारण आदल्या दिवशी कॅमेरा नेणाऱ्या मित्राचा नंबर वेगळा होता.

नुसत्या एलसीडीवर विसंबणारे पुष्कळ आहेत. तीन इंचांच्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं, त्यात दुपारच्या उन्हात तर काहीच दिसत नाही. पार्टीच्या घरी ४३ इंची टीव्ही असतो, हे लक्षात असू द्या.

झूमच्या आधी फोकस: मूळ पद्धत

हे रोजचं काम. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी, प्रत्येक नव्या जागी:

१. फोकसचं बटण मॅन्युअलवर घ्या.

२. ज्या माणसाचा शॉट हवा आहे त्याच्यावर पूर्ण झूम करा. अर्धवट करू नका, लेन्स संपेपर्यंत करा.

३. डोळ्यांवर फोकस लावा. डोळे दिसत नसतील तर फेट्याची किनार, मुंडावळ्यांची मोती, माइकची जाळी, काहीही जिथं बारीक उभ्याआडव्या रेषा आहेत. रिंग एका दिशेनं फिरवत शार्पच्या थोडी पुढं न्या, मग मागं आणा. पुढं जाऊन परत आल्याशिवाय नेमकी जागा कळत नाही. रिंग हातानं जुळत नसेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांना क्षणभर ऑटोफोकस करून देणारं पुश बटण असतं. ते दाबून धरा, लागला की सोडा.

४. आता मागं या, हवी ती फ्रेम लावा.

५. रेकॉर्ड दाबा. आता तुम्ही कधीही झूम इन केलं तरी माणूस तुम्हाला शार्पच सापडेल. तो जागेवर असेल तर.

शेवटचं वाक्य विसरू नका. माणूस दोन पावलं सरकला, तुम्ही स्टँड उचलून हलवला, की पुन्हा क्रमांक दोनपासून. कीर्तनात मी चाल बदलताना किंवा टाळकरी सूर उचलतात तेवढ्यात, शॉट त्यांच्यावर असताना, पुढची तयारी करून घेतो. दोन कॅमेरे असतील तर सोपं: मिक्सरवर बसून कॅमेरे बदलणाऱ्या माणसाला इशारा करायचा, तो दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेला की आपण झूम करून फोकस मारून परत. एकच कॅमेरा असेल तर चालू रेकॉर्डिंगमध्ये झपकन झूम इन करून फोकस लावा आणि झूम आउट करा. तेवढे तीन सेकंद एडिटिंगमध्ये कापले जातात.

पीकिंग असेल तर चालू ठेवा. शार्प कडांवर रंगीत रेघ येते. हळदीत पिवळी पीकिंग ठेवली तर काय दिसणार, कपाळ! तिथं पांढरी किंवा निळी घ्या. कीर्तनात सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, तिथं लाल. आणि वाइडला पीकिंगवर विश्वास ठेवू नका. पट्टा मोठा असल्यानं अख्खा मंडपच चमकायला लागतो आणि फोकस नेमका कुठं आहे हे कळत नाही. पीकिंग बघायची ती झूम करून.

ऑटोफोकस कुठं दगा देतो

ऑटोफोकस वाईट नाही. अलीकडच्या कॅमेऱ्यांतला चेहरा ओळखणारा ऑटोफोकस वरातीत, पाहुण्यांच्या स्वागतात माझ्यापेक्षा चांगलं काम करतो, हे मी मान्य केलंय. पण त्याला काही गोष्टी कळत नाहीत. मंगलाष्टकांत अक्षता उडतात. लेन्ससमोरून तांदूळ गेले की फोकस त्यांच्यामागं धावतो, मग परत नवरदेवावर येतो, तोवर पुढची मूठ. होमाचा धूर, नवरीच्या चेहऱ्यावरून खाली आलेला जाळीचा पदर, पांढरीशुभ्र भिंत, मागे लखलखणारी एलईडी वॉल, कमी उजेडातला मंडप, या सगळ्यांत तो पुढंमागं हेलकावे खातो. पूर्ण झूमला असाल तर हेलकावा जास्त दिसतो, आयरिसही आपोआप बारीक झाल्यानं उजेड कमी मिळतो. बऱ्याच लेन्स वाइडला एफ २.८ असतात आणि झूमला एफ ४.५ वर येतात, त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

अंतरपाटाच्या शॉटसाठी माझी ठरलेली रीत सांगतो. नवरदेव पाटावर उभा राहिला की अंतरपाट धरायच्या आधीच त्याच्या डोळ्यांवर पूर्ण झूम करून मॅन्युअल फोकस लावतो आणि मग रिंगला हात लावत नाही. समोर कापड येतं, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक पुसट दिसतं. दिसू दे. “शुभमंगल सावधान” झालं, ताशा कडाडला, कापड बाजूला झालं आणि चेहरा तयार. ऑटोवर ठेवला असता तर तो स्वस्तिकावर बसला असता आणि पोराचा चेहरा सापडेपर्यंत हार पडून गेले असते.

ऑटोच वापरायचा असेल तर दोन गोष्टी करा. फोकसचा चौकोन अख्ख्या फ्रेमऐवजी मधोमध किंवा चेहऱ्यावर ठेवा. आणि मेनूत फोकसच्या वेगाची आणि संवेदनशीलतेची सेटिंग असेल तर संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मधून एखादा वाढपी गेला तरी फोकस लगेच त्याच्यामागं जाणार नाही.

लेन्स फोकस धरते का: भिंतीवरची चाचणी

वरची पद्धत नीट करूनही चित्र आउट होत असेल तर मग लेन्सची पाळी. संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटमध्ये, भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवा. कॅमेरा ३ मीटरवर, स्टँडवर. आयरिस पूर्ण उघडी. बंद आयरिसला शार्प पट्टा मोठा असतो, चूक झाकली जाते. पूर्ण झूम करून बारीक अक्षरांवर मॅन्युअल फोकस लावा, रेकॉर्ड दाबा, हळू वाइडपर्यंत या, थांबा, परत झूम इन करा. हेच एकदा झपाट्यानं करा. मग टीव्हीवर लावून बघा.

दोन्ही टोकांना आणि मधेही अक्षरं शार्प असतील तर लेन्स निर्दोष आहे, सवय सुधारा.

हळू झूमला ठीक आणि झपाट्यात मधेच पुसट होऊन परत जागेवर येत असेल, तर तीही बिघाडाची खूण नाही. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत झूम सरकला की कोणती काच किती हलवायची हे कॅमेऱ्यातला प्रोसेसर ठरवतो. वेगात तो जरा मागं पडतो. झूमची दांडी अलगद दाबायची, एवढाच उपाय. नाहीतरी झपझप झूम करणारे व्हिडिओ बघताना पोटात ढवळतं.

झूम बदलताच फोकस जातो आणि आपोआप परत येत नाही, असं दिसलं तर तुमच्याकडे बहुधा फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स आहे. डीएसएलआर किंवा मिररलेसवरच्या १८-५५ सारख्या बहुतेक झूम लेन्स फोटोसाठी बनवलेल्या असतात. झूम बदलला की फोकसची जागाही बदलते, आणि फोटोवाल्याला त्याचं काही नसतं, तो प्रत्येक फोटोला नव्यानं फोकस करतो. या लेन्सवर “आधी झूम, मग वाइड” ही वरची पद्धत उलटी बाधते. तिथं आधी फ्रेम ठरवा, मग फोकस लावा. फ्रेम बदलली की पुन्हा फोकस. फोकस बघायला झूमऐवजी स्क्रीनवरचं मॅग्निफिकेशन वापरा, त्यात लेन्स हलत नाही, चित्रच मोठं होतं. चालू शॉटमध्ये झूम करायचा मोह टाळा. जवळचा शॉट हवा तर कापा आणि पुन्हा लावा.

बॅकफोकस

चौथी शक्यता: झूमला लख्ख, वाइडला पुसट. खांद्यावरच्या, लेन्स निघणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत हे हमखास होतं. लेन्सच्या मागच्या काचेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर किंचित सरकलेलं असतं. लेन्स काढून परत बसवली, गाडीत हादरे बसले, कडक उन्हातून गार हॉलमध्ये आलात, की फरक पडू शकतो. भाड्यानं आणलेला कॅमेरा असेल तर हे बघितल्याशिवाय कामाला लागू नका.

लेन्सच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला चिकटून, एफ.बी. किंवा एफ.एफ. लिहिलेली बारीक रिंग आणि तिला आवळणारा स्क्रू असतो. त्याच्याशेजारी मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीची, रिंग असते. दोघींत गल्लत करू नका. उलट आधी मॅक्रोच चुकून फिरलेली नाही ना ते बघा, निम्म्या “बॅकफोकस गेलाय” तक्रारी तिथंच मिटतात.

मग चाकाच्या आऱ्यांसारखा काळापांढरा तक्ता सुमारे ३ मीटरवर लावा. मधोमध निमुळत्या होत जाणाऱ्या रेषा. झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला तरी चालतो. आयरिस पूर्ण उघडी हवी, उजेड जास्त असेल तर तो कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पूर्ण झूम करून पुढच्या फोकस रिंगनं तक्ता शार्प करा. मग पूर्ण वाइड करा, आणि आता फोकस रिंगला हात न लावता मागच्या रिंगनं शार्प करा. परत झूम, पुढची रिंग. परत वाइड, मागची रिंग. तीनचार फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात. स्क्रू आवळा, आवळताना रिंग सरकत नाही ना बघा. काही कॅमेऱ्यांत हे काम मेनूतून आपोआपही होतं. लेन्स न निघणाऱ्या हँडीकॅमला असा दोष दिसला तर मात्र स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

लेन्ससमोर काय लावलंय?

छोट्या हॉलमध्ये सगळं मावावं म्हणून लेन्सपुढं वाइड कन्व्हर्टर स्क्रूनं बसवतात. मीही एक स्वस्तातला घेतला होता. घरातल्या देवकार्यात वाइड सुंदर, आणि झूम केलं की सासूबाई, देवघर, सगळंच लोण्यासारखं. रिंग या टोकाहून त्या टोकाला फिरवली, काही उपयोग नाही. असे बरेच कन्व्हर्टर वाइड टोकापुरतेच बनवलेले असतात, त्यांच्यातून पूर्ण झूमला फोकस लागतच नाही. पूर्ण झूम चालणारे असतात, पण ते जड आणि महाग. तुमचा कोणता ते वरच्या भिंतीच्या चाचणीत कळेल. स्वस्त यूव्ही फिल्टरचंही तसंच, वाइडला खपून जातो, झूमला चित्र मऊ करतो. काढून एकदा बघा.

जवळच्या अंतराचीही मर्यादा असते. पूर्ण झूमला बऱ्याच लेन्सना समोरची वस्तू साधारण मीटरभर तरी लांब लागते. वाइडला त्याच लेन्स काही सेंटिमीटरवर फोकस करतात. मंगळसूत्राचा क्लोज घेताना पोरं नवरीच्या पुढ्यात उभी राहून झूम करत सुटतात आणि फोकस लागत नाही म्हणून रिंग पिळत बसतात. एक तर दोन पावलं मागं या, नाहीतर झूम आउट करून जवळ जा.

जे फोकससारखं दिसतं, पण फोकस नसतं

मे महिन्यात जालना रस्त्याला शेतातली विहीर दूरवरून झूम करून घेत होतो. पारा बेचाळीसच्या पुढं. विहिरीचा काठ पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. मी फोकस लावून लावून थकलो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि तिच्यातून जाणारा उजेड वाकडातिकडा होतो. मृगजळ दिसतं ते याच तापलेल्या हवेमुळं. जितकी लांबून झूम, तितकी जास्त थरथरती हवा मधे. याला कोणतीही रिंग चालत नाही. सकाळी आठच्या आत शूट करा, नाहीतर चालत जवळ जा. देवगिरी किल्ल्याचा मनोरा दुपारी खालच्या रस्त्यावरून पूर्ण झूमनं घेऊन बघा, मग माझं म्हणणं पटेल.

बाकीच्या भटकवणाऱ्या गोष्टी थोडक्यात. डिजिटल झूम बंद ठेवा. तो चित्र नुसतं ताणतो, त्यात लेन्स हलतच नाही. पूर्ण झूमला हातात कॅमेरा धरला तर श्वासाचाही हादरा लागतो आणि चित्र पुसट दिसतं, म्हणून स्टँड. स्टँडवर असताना स्टेबिलायझर बंद केला तर बरा. शटर २५ वर, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर, गेलं तर हलणारा हात पुसट येणारच; आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, शटर ५० वर ठेवा, मंडपातले लाइटही लुकलुकणार नाहीत. भर उन्हात ऑटो आयरिस एफ ११, एफ १६ पर्यंत बंद होते आणि लहान सेन्सरचं चित्र तेवढ्यानंही मऊ पडतं. तिथं एनडी लावून आयरिस एफ ५.६ च्या आसपास आणा. आणि हळदीच्या घरून निघालात की लेन्सची काच बघा. पिवळा अंगठा उमटलेला असतो.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: झूम वाढवताना फोन एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारतो, त्या क्षणी फोकस आणि रंग दोन्ही हलतात. कमी उजेडात तर झूमची लेन्स सोडून तो मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतो. झूम आधी ठरवा, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग रेकॉर्डिंग. मधे झूम नको.

सराव

लग्नसराईच्या आधी आठवडाभर रोज अर्धा तास गावाच्या फाट्यावर, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी स्टँड लावा. लांबून एसटी येताना दिसली की पूर्ण झूम, कपाळावरच्या पाटीवर फोकस. गाडी जवळ येईल तसा डाव्या हातानं फोकस आणायचा आणि उजव्या हातानं हळूहळू झूम आउट, पाटी फ्रेममध्ये तेवढीच ठेवत. रिंग कोणत्या बाजूला फिरली की फोकस जवळ येतो हे बोटांना पाठ व्हायला हवं. शूटिंगमध्ये विचार करायला वेळ नसतो. घरी येऊन बघा, गाडी तुमच्यासमोरून जाईपर्यंत पाटीवरचं गाव किती वेळ वाचता येतं. त्या कीर्तनातल्या पोरानं पहिल्या दिवशी अकरा गाड्या घेतल्या. एका गाडीवरचं “पूर्णा” तेवढं वाचता आलं, तेही गाडी फाट्यावर उतारू घ्यायला थांबली म्हणून.